पूर्वव्याधी आणि दीर्घकालीन शुश्रूषा विमा : जोखीम-निवडीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मनुष्य आजारी पडतो तेव्हा त्यास औषधोपचाराची गरज भासते. परंतु तो परावलंबी होतो तेव्हा त्यास दुसऱ्या माणसाच्या हातांची गरज भासते. स्नान घालणे, कपडे चढविणे, घास भरविणे, अंथरुणावरून उठवून खुर्चीत बसविणे या प्रकारच्या साहाय्यास सार्वजनिक धोरणाच्या परिभाषेत 'दीर्घकालीन शुश्रूषा' असे संबोधले जाते. तिचा कालावधी दिवसांत नव्हे, तर वर्षांत मोजावा लागतो. या खर्चाची तरतूद करण्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एक स्वतंत्र विमाप्रकार उदयास आला. या विम्याच्या अर्जदाराला सर्वप्रथम विचारले जाते ते त्याच्या आधीच्या आजारांविषयी, आणि उत्तर प्रतिकूल असल्यास बहुधा तेथेच व्यवहार संपतो. 'पूर्वव्याधी असणारास शुश्रूषेचा विमा मिळावा काय, आणि कोणत्या अटींवर?' या प्रश्नाचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

येथे एका शब्दाचा खुलासा आवश्यक वाटतो. महाराष्ट्रात 'नर्सिंग होम' म्हटले की डॉक्टरांचे खाजगी छोटे इस्पितळ डोळ्यांसमोर येते; १९४९ च्या मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमातही हाच अर्थ अभिप्रेत आहे. अमेरिकेत मात्र याच शब्दाने, जेथे परावलंबी वृद्ध कायमचे वास्तव्य करतात असे निवासस्थान सूचित होते. पुढील विवेचनात 'शुश्रूषागृह' हा शब्द या दुसऱ्या अर्थाने योजिला आहे.

जोखीम-निवडीची पूर्वपीठिका

अर्जदाराची प्रकृती पाहून विमा द्यावा की नाकारावा हे ठरविण्याची पद्धत शुश्रूषा विम्याने निर्माण केलेली नाही. ती आयुर्विम्याकडून वारसाहक्काने आलेली आहे. लंडन येथे १७६२ मध्ये स्थापन झालेल्या इक्विटेबल सोसायटीत अर्जदारास संचालकांसमोर उभे राहावे लागे आणि देवी येऊन गेल्या आहेत काय, संधिवाताचा एक प्रकार असलेला 'गाउट' आहे काय, असे प्रश्न विचारले जात. वैद्यकीय तपासणीचे शास्त्र पुढे विकसित झाले; मूळ पद्धत ही अशी समोरासमोरच्या चौकशीची होती.

या इतिहासात १८२४ हे वर्ष विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी लंडनमध्ये डॉ. जॉर्ज पिंकार्ड यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या, पुढे 'क्लेरिकल मेडिकल' या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने, इतर संस्थांनी नाकारलेल्या रोगग्रस्त व्यक्तींनाही जादा हप्ता आकारून विमा देण्याचे धोरण स्वीकारले. पूर्वव्याधी म्हणजे नकार नव्हे, पूर्वव्याधी म्हणजे वेगळी किंमत, हा विचार अशा रीतीने जवळपास दोनशे वर्षांचा आहे. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्क लाइफ या कंपनीतील डॉ. ऑस्कर रॉजर्स आणि विमागणितज्ञ आर्थर हंटर यांनी अंकपद्धती सिद्ध केली. सर्वसामान्य व्यक्तीची जोखीम शंभर मानावयाची, आणि वजन, कौटुंबिक इतिहास, व्यवसाय, रोग यांपैकी प्रत्येक बाबीसाठी त्या शंभरात भर घालावयाची वा वजाबाकी करावयाची. वैद्याच्या अंदाजाची जागा बेरजेने घेतली.

मात्र 'पूर्वव्याधी' ही संकल्पना केवळ वैद्यकीय होती असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. अमेरिकेतील प्रुडेन्शियल कंपनीने १८८१ मध्ये कृष्णवर्णीय विमेदारांना त्याच हप्त्यात एक-तृतीयांशाने कमी रक्कम देण्याचे धोरण अवलंबिले. मॅसॅच्युसेट्स राज्याने १८८४ मध्ये अशा भेदभावास कायद्याने मनाई केली. १८९६ मध्ये त्याच कंपनीतील संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन यांनी कृष्णवर्णीयांची मृत्युसंख्या ही त्यांच्या वंशाचाच गुणधर्म असल्याचे ग्रंथरूपाने प्रतिपादन केले. दारिद्र्य, कोंदट वस्ती, रोगप्रतिबंधक सोयींचा अभाव ही कारणे बाजूला पडली.

या ठिकाणी मुंबईचा संदर्भ स्वाभाविकपणे येतो. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश कंपन्या भारतीय जीविताला निकृष्ट प्रतीची जोखीम समजून जादा हप्ता आकारीत. १८७० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल लाइफ ॲश्युरन्स सोसायटीने भारतीयांचा विमा सर्वसाधारण दराने उतरविण्यास प्रारंभ केला. याचा अर्थ असा की तोपर्यंत भारतीय असणे हीच विमा कंपन्यांच्या लेखी एक पूर्वव्याधी होती, आणि ती बरी झाली ती औषधाने नव्हे, तर दर ठरविणारी माणसे बदलल्याने. आपल्याकडील विम्याच्या पाठ्यपुस्तकांत ही घटना एका ओळीत उरकली जाते. तिचा अर्थ उलगडून सांगितला जात नाही, ही खेदाची बाब होय.

१९६५ मधील पोकळी

३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मिसूरी राज्यातील इंडिपेंडन्स येथे मेडिकेअर आणि मेडिकेड या दोन योजनांच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. पासष्ट वर्षांवरील नागरिकांना मेडिकेअरचा लाभ मिळू लागला. परंतु ही योजना इस्पितळातील उपचार डोळ्यांसमोर ठेवून आखलेली होती. इस्पितळात किमान तीन दिवस दाखल राहिल्यानंतर जास्तीत जास्त १०० दिवसांपर्यंतची कुशल परिचर्या तीत बसत असे. पक्षाघातानंतर चार वर्षे अंथरुणास खिळलेल्या वृद्धेला आंघोळ घालण्याचा खर्च बसत नसे. तो भार मेडिकेडकडे गेला, आणि मेडिकेड ही गरिबांसाठीची योजना असल्यामुळे आयुष्यभराची बचत संपवून गरीब झाल्यावरच तिचे दार उघडत असे. मध्यमवर्गाच्या दृष्टीने ही मोठी पोकळी होती आणि तीत १९७० च्या दशकापासून खाजगी शुश्रूषागृह विमा हळूहळू शिरला.

आरंभीची विमापत्रे अत्यंत संकुचित होती. अनेक विमापत्रांत आधी इस्पितळात दाखल होण्याची अट असे. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण बहुधा इस्पितळातून नव्हे, तर थेट घरातूनच शुश्रूषागृहात जातो; त्यामुळे ज्यास खरी गरज तोच नेमका या अटीने बाद होत असे. काही कंपन्या याहून सोपा मार्ग अवलंबीत. अर्जाच्या वेळी फारशी चौकशी न करता हप्ते स्वीकारावयाचे, आणि दावा दाखल झाल्यावर मात्र जुनी वैद्यकीय कागदपत्रे धुंडाळून 'हा आजार तुम्ही लपविला' असे सांगत विमापत्र रद्द ठरवावयाचे. अमेरिकन परिभाषेत यास दाव्यानंतरची जोखीम-निवड म्हणतात. सरळ मराठीत सांगावयाचे तर ही फसवणूक होती.

राज्यांच्या विमा आयुक्तांच्या राष्ट्रीय संघटनेने डिसेंबर १९८६ मध्ये स्वीकारलेला आदर्श कायदा आणि त्यास अनुसरून आलेले नियम यांनी या प्रकारास आळा घातला. पूर्वव्याधीची व्याख्या आवळण्यात आली. विमा सुरू होण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत ज्या विकारासाठी वैद्यकीय सल्ला वा उपचार घेतला गेला किंवा सुचविला गेला, तोच पूर्वव्याधी. आणि त्या कारणास्तव लाभ नाकारावयाचा तर तो विमा सुरू झाल्यापासून पहिल्या सहा महिन्यांपुरताच. इस्पितळात दाखल होण्याची पूर्वअट वर्ज्य ठरली. ऐंशी वा अधिक वयाच्या अर्जदाराच्या बाबतीत विमापत्र देण्यापूर्वीच शारीरिक तपासणी, कार्यक्षमतेचे मूल्यमापन किंवा वैद्यकीय कागदपत्रे यांपैकी काहीतरी मिळविणे कंपनीस बंधनकारक झाले. विमापत्र दोन वर्षे चालू राहिल्यावर, अर्जदाराने जाणूनबुजून व हेतुतः खोटी माहिती दिली हे सिद्ध झाल्याखेरीज ते रद्द करता येत नाही, अशीही तरतूद आली.

या सुधारणांचा एक परिणाम फारसा चर्चिला गेलेला नाही. आत आल्यावर विमेदाराला बाहेर काढणे कठीण झाले, तेव्हा कंपन्यांनी सारी चौकशी दाराशी आणली. दारावरची चाळणी पूर्वीपेक्षा बारीक झाली. कायद्याने व्याधीच्या आधारे लाभ टाळण्यावर मर्यादा घातली. व्याधीच्या आधारे विमाच नाकारण्यावर मात्र कोणतीही मर्यादा घातली नाही.

आयुर्विम्याहून उलटा हिशेब

शुश्रूषा विम्याने निवडीची रीत आयुर्विम्याकडून घेतली खरी, परंतु हिशेब उलटा झाला. आयुर्विम्याच्या दृष्टीने लवकर मरणारा माणूस तोट्याचा. शुश्रूषा विम्याच्या दृष्टीने दीर्घकाळ न मरणारा, पण स्वतःच्या पायांवर उभा न राहू शकणारा माणूस तोट्याचा. गुडघ्याचा तीव्र संधिवात आयुर्विम्याच्या डॉक्टरला फारसा अडवीत नाही. येथे तो अडवितो. कंपवात, बहुविध काठिण्य अर्थात मल्टिपल स्क्लेरोसिस, स्मृतिभ्रंश, नुकताच येऊन गेलेला पक्षाघात यांपैकी काही असल्यास अर्ज सामान्यतः फेटाळला जातो. नियंत्रणात असलेला रक्तदाब किंवा गुंतागुंत नसलेला मधुमेह असल्यास विमा मिळू शकतो, कधी जादा दराने. वय, औषधांची यादी, काठी वा वॉकरचा वापर, घरात आधीच कोणी मदतीला येते काय, या साऱ्यांची नोंद होते. पूर्वव्याधी हा शब्द येथे अपुरा पडतो, कारण पाहिली जाते ती व्याधी नव्हे, तर तिच्यातून उद्भवू शकणारी पराधीनता.

ही पराधीनता मोजावयाची कशी? याचे उत्तर विमा कंपन्यांना आयतेच मिळाले. ओहायो राज्यातील क्लीव्हलंड येथील बेंजामिन रोझ इस्पितळात डॉ. सिडनी कात्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांचे निरीक्षण केले आणि १९६३ मध्ये दैनंदिन व्यवहारांचा निर्देशांक प्रसिद्ध केला. स्नान, वस्त्र परिधान, शौचविधी, स्थानांतर, मलमूत्रावरील ताबा आणि भोजन अशा सहा क्रिया त्यात होत्या. बरे होणारे वृद्ध या क्रिया विशिष्ट क्रमाने परत मिळवितात आणि तो क्रम लहान मुलाच्या वाढीच्या क्रमाशी मिळताजुळता असतो, असे कात्झ यांचे निरीक्षण होते. रुग्ण किती सुधारला हे जाणण्यासाठी वैद्याने तयार केलेले हे साधन पुढे कायद्यात शिरले. २१ ऑगस्ट १९९६ च्या संघराज्य कायद्याने करसवलतीस पात्र विमापत्रांसाठी निकष घालून दिला. सहांपैकी किमान दोन क्रिया किमान ९० दिवस साहाय्यावाचून करता येणार नाहीत, किंवा तीव्र बौद्धिक क्षीणता आहे, असे प्रमाणित झाले तरच लाभ. खुब्याच्या रुग्णाची प्रगतिपट्टी अशा रीतीने पैसे मिळण्याचे कुलूप झाली. आणि अर्जाच्या वेळी तीच पट्टी उलट बाजूने लावली जाऊ लागली. ज्याची एकही क्रिया ढळलेली नाही त्यालाच प्रवेश.

याच १९९६ च्या कायद्याने नोकरदारांच्या सामूहिक आरोग्य विम्यातील पूर्वव्याधीच्या अटींवर मर्यादा घातल्या होत्या. २०१० च्या आरोग्य सुधारणा कायद्याने २०१४ पासून सर्वसाधारण आरोग्य विम्यात पूर्वव्याधीच्या कारणास्तव नकार देणेच बंद केले. २००८ च्या जनुकीय भेदभावविरोधी कायद्याने आरोग्य विम्यात जनुकीय माहितीचा वापर वर्ज्य केला. या तिन्ही प्रसंगी शुश्रूषा विमा मात्र संरक्षणाबाहेर राहिला. फ्लोरिडा राज्याने २०२० मध्ये जनुकीय माहितीपुरते हे छिद्र बुजविले.

बाजाराची अडचण आणि केनेडींची योजना

कंपन्यांच्या बाजूनेही विचार करणे न्याय्य होईल. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात पासष्टीनंतर आरोग्य विमा मिळणे कठीण का होते याचेच उदाहरण दिले होते. दर वाढविला की निरोगी माणसे निघून जातात, आजारी तेवढी उरतात, म्हणून दर आणखी वाढवावा लागतो. एमी फिंकेलस्टाइन आणि कॅथलीन मॅकगॅरी यांनी २००६ मध्ये शुश्रूषा विम्याची आकडेवारी तपासली, तेव्हा चित्र अधिक गुंतागुंतीचे दिसले. आपणास शुश्रूषा लागेल असे आतून जाणणारे लोक विमा घेतात, हे खरे. परंतु स्वभावतः सावध, प्रकृतीची काळजी घेणारे आणि म्हणून कमी जोखमीचे लोकही तो घेतात, आणि दोन्ही प्रवाह एकमेकांस जवळजवळ छेदतात. माझ्या मते या संशोधनाने कंपन्यांची भीती निराधार ठरत नाही, मात्र ती सरसकट नकाराचे समर्थन करण्याइतकी सबळही ठरत नाही.

प्रत्यक्षात कंपन्या अडचणीत आल्या त्या आजारी अर्जदारांमुळे मुख्यतः नव्हे. किती विमेदार मध्येच विमा सोडून देतील याचा त्यांचा अंदाज चुकला. फार थोड्यांनी सोडला. व्याजदर घसरले, आयुर्मान वाढले. २००० च्या सुमारास शंभराहून अधिक कंपन्या हा विमा विकीत. पुढील दोन दशकांत ही संख्या डझनाच्या आसपास आली. पेनसिल्व्हेनियातील पेन ट्रीटी समूहातील कंपन्या २०१७ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने अवसायनात निघाल्या. संघराज्याच्या कर्मचाऱ्यांसाठी २००२ मध्ये सुरू झालेल्या योजनेत, सेवेतील कर्मचाऱ्यांना मोजक्या प्रश्नांवर प्रवेश मिळत असे. तिनेही डिसेंबर २०२२ मध्ये नवे अर्ज स्वीकारणे थांबविले.

निवडच काढून टाकण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी पुरस्कारिलेली 'क्लास' योजना २०१० च्या कायद्यात समाविष्ट झाली. केनेडी त्यापूर्वीच, ऑगस्ट २००९ मध्ये निवर्तले होते. नोकरी करणाऱ्या कोणासही, आजार असो वा नसो, प्रवेश. पाच वर्षे हप्ते भरल्यावर लाभ. लाभाची सरासरी दिवसाला किमान ५० डॉलर. मात्र सहभाग ऐच्छिक होता आणि योजना ७५ वर्षे स्वबळावर टिकेल असे प्रमाणित करण्याची अटही कायद्यातच होती. ऐच्छिक सहभाग, मुक्त प्रवेश आणि स्वावलंबन या तीन गोष्टी एकत्र नांदेनात. आरोग्यमंत्री कॅथलीन सेबेलियस यांनी १४ ऑक्टोबर २०११ रोजी योजना पुढे नेता येत नसल्याचे जाहीर केले, आणि २ जानेवारी २०१३ रोजी ती रद्द झाली. एकाही व्यक्तीस लाभ मिळाला नाही.

सक्तीचा मार्ग

जर्मनीने वेगळी वाट धरली होती. नॉर्बर्ट ब्ल्यूम श्रममंत्री असताना १९९४ मध्ये संमत झालेला शुश्रूषा विमा १ जानेवारी १९९५ पासून सर्वांना सक्तीचा झाला. मालकवर्गाचा वाटा भरून काढण्यासाठी सॅक्सनी वगळता सर्व राज्यांनी एका धार्मिक सुटीवर पाणी सोडले. जे आधीच अंथरुणास खिळलेले होते त्यांनाही एप्रिल १९९५ पासून लाभ मिळू लागला. जपानने १९९७ च्या कायद्यान्वये १ एप्रिल २००० पासून चाळिशीवरील सर्वांना सामील केले. परंतु चाळीस ते चौसष्ट या वयोगटास वार्धक्याशी निगडित ठराविक सोळा व्याधींपैकी एखादी कारणीभूत असेल तरच लाभ मिळतो. येथे विशिष्ट व्याधी असणे हीच पात्रता ठरते.

सिंगापूरचा अनुभव अधिक बोलका आहे. तेथे २००२ मध्ये सुरू झालेल्या एल्डरशील्ड योजनेत चाळिशीला आपोआप समावेश होत असे, मात्र आधीच गंभीर अपंगत्व असलेल्यांना वगळून. त्यांच्यासाठी त्याच वर्षी स्वतंत्र शासकीय साहाय्य योजना काढावी लागली. २०२० च्या केअरशील्ड लाइफ योजनेत १९८० वा त्यानंतर जन्मलेल्या सर्वांचा, पूर्वीपासूनच्या अपंगत्वासह, समावेश झाला. १९७९ वा त्यापूर्वी जन्मलेल्यांना मात्र गंभीर अपंगत्व नसेल तरच सामील होता येते.

या सर्व योजना शेजारीशेजारी ठेवल्या असता एक बाब लक्षात येते. वैद्यकीय प्रश्नावली हटली की तिच्या जागी दिनदर्शिका येते. क्लासची पाच वर्षे; जर्मनीत २०१३ पासून शासकीय अनुदानासह मिळणाऱ्या, प्रकृती न तपासता द्यावयाच्या पूरक विम्यातील कमाल पाच वर्षांची प्रतीक्षा; सिंगापुरातील जन्मवर्षाची रेषा. वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये संमत केलेल्या योजनेतही प्रकृतीचा प्रश्न नाही. जुलै २०२३ पासून वेतनातून ०.५८ टक्के कपात सुरू झाली आणि पात्रतेसाठी सर्वसाधारणपणे दहा वर्षांच्या वर्गणीची अट आहे. पण १ नोव्हेंबर २०२१ पूर्वी खाजगी विमा घेणाऱ्यांना तीतून सूट मिळत होती. तेव्हा लाखोंनी ती मिळविली. खाजगी विमा निरोगी माणसालाच मिळतो, त्यामुळे ही सूटही व्यवहारात बहुतांशी निरोगी माणसाचीच राहिली.

मराठी माणसाच्या संदर्भात

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे कायम वास्तव्यास जाणाऱ्या आईवडिलांची संख्या मराठी मध्यमवर्गात आता लक्षणीय आहे. पासष्टीनंतर तेथे गेलेल्या कायम रहिवाशास मेडिकेअर विकत घेण्यासाठी सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागते. १९९६ च्या कल्याणकारी योजनांविषयीच्या कायद्यान्वये मेडिकेडसाठीही बहुतेक नवागतांना पाच वर्षे थांबावे लागते. म्हणजे येथेही दिनदर्शिकाच. खाजगी शुश्रूषा विम्याचे वय तोवर निघून गेलेले असते किंवा मधुमेह आणि गुडघे आड येतात.

भारतात या स्वरूपाचा विमा अद्याप रुजलेला नाही. १९८६ च्या मेडिक्लेममध्ये पूर्वीचे आजार वगळलेले असत. नंतर प्रतीक्षेच्या अटीवर ते स्वीकारले जाऊ लागले, आणि २०२४ मध्ये विमा नियामकाने ही प्रतीक्षा जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणली. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेत, जी ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरील सर्वांना खुली झाली, पूर्वव्याधी पहिल्या दिवसापासून ग्राह्य आहेत. मात्र ही सर्व व्यवस्था इस्पितळापुरती आहे. घरी अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची शुश्रूषा सुना, मुली आणि अलीकडे शहरांत महिना ठरवून ठेवलेल्या 'मावशी' करतात, व तिचा हिशेब कोणत्याही विमापत्रात येत नाही. १९६५ मध्ये अमेरिकेत राहिली होती तीच ही पोकळी होय.

प्रस्तुत लेखकाच्या शालेय जीवनातील एक निवृत्त शिक्षक गेली काही वर्षे न्यू जर्सीत मुलीकडे राहतात. मुलीच्या आग्रहावरून त्यांनी असा अर्ज केला होता. दूरध्वनीवरून मुलाखत झाली. दहा शब्द ऐकवून काही वेळाने ते पुन्हा सांगावयास लावले. सरांनी नऊ सांगितले. अर्ज मात्र दोन वर्षांपूर्वीच्या सौम्य पक्षाघाताच्या कारणाने नाकारला गेला. गतवर्षी गावी आले असता सर म्हणाले, "नोकरीला लागलो तेव्हा विम्याचे डॉक्टर घरी येऊन गेले होते. नाडी पाहिली, जीभ पाहिली, चहा घेतला. इथे माझी नाडी कुणी पाहिलीच नाही रे." दहावा शब्द कोणता होता हे त्यांना अजूनही आठवत नाही, तो इंग्रजी होता एवढेच ते सांगतात.